मनाने आजारी पडलेल्या माणसाची फाईल कुणाकडे?

साईटवर स्कॅफोल्डिंग उभं राहिलं की त्याला टॅग लागतो. हिरवा टॅग नसेल तर कुणी वर चढत नाही. त्या टॅगवर तपासणाऱ्याचं नाव, तारीख, सही असते. काही बिघडलं तर कुणाला विचारायचं हे नव्या हेल्परलाही ठाऊक असतं. आता सांगा, कॅम्पमधला एखादा माणूस पंधरा दिवस झोपला नाही, डबा तसाच परत आणतो, रात्री एकटाच बडबडतो, तर त्याच्यापुढे कुणाचं नाव लिहिलेलं असतं? कॅम्प बॉस म्हणतो फोरमनला सांग. फोरमन म्हणतो एचआरला सांग. एचआर म्हणतं इन्शुरन्स कार्ड दिलंय ना, क्लिनिकला जा. क्लिनिकचा डॉक्टर मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी देतो आणि ती चिठ्ठी खिशातच राहते.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्याला डॉक्टर कमी पडतो ते नंतर, आधी कमी पडतो तो मधला माणूस. मानसिक उपचारांच्या कामात त्याला केस मॅनेजर म्हणतात. तो गोळ्या देत नाही. तो तारीख घेतो, गाडी बघतो, दुभाष्या शोधतो, गोळी चालू आहे ना ते विचारतो, कामावर काय झेपेल ते डॉक्टरकडून लिहून घेतो, घरच्यांशी बोलतो. थोडक्यात, फाईल त्याच्या हातात असते.

मी दुबईत सुपरवायझर आहे. दुसऱ्या गँगमध्ये एक स्टील फिक्सर होता, रत्नागिरी जिल्ह्यातला. त्याच्या रूममधल्या पोरांनी मला नंतर सगळं सांगितलं. त्याला डॉक्टरने तपासलं होतं, औषधही दिलं होतं. पण गोळीने दिवसा झापड यायची, फोरमन ओरडायचा, म्हणून सहाव्या दिवशी त्याने ती बंद केली. उदासीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे त्याला समजेल अशा भाषेत कुणी सांगितलंच नव्हतं. पुढची तारीख मंगळवारची. जायचं तर दिवसाचा पगार आणि टॅक्सीचं भाडं दोन्ही गेलं, म्हणून गेला नाही. तिसऱ्या आठवड्यात रूममधली पोरं घाबरली आणि कंपनीने चार दिवसांत मुंबईचं तिकीट काढलं. पिशवीत तीन दिवसांच्या गोळ्या आणि इंग्रजीतला एक कागद. घरी आईला वाटलं पोरगा सुट्टीवर आलाय.

कंपनीच्या हिशेबात केस बंद झाली. पण मोजा, ती किती ठिकाणी तुटली. यातलं एकही ठिकाण डॉक्टरच्या खुर्चीसमोर नव्हतं.

‘हे सगळं श्रीमंत देशांचे लाड’ असं कुणी म्हणेल, तर गोव्याचं उदाहरण बघा. तिथे 24 दवाखान्यांत उदासी आणि चिंतेच्या आजारांवर एक मोठी चाचणी झाली, 2010 साली ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. निम्म्या ठिकाणी एक साधा, डॉक्टर नसलेला, शिकवून तयार केलेला समुपदेशक नेमला आणि केस मॅनेजरचं काम त्याच्याकडे दिलं. सहा महिन्यांनी, सरकारी आरोग्य केंद्रांत असा माणूस होता तिथे 100 पैकी सुमारे 66 रुग्ण बरे झाले, नव्हता तिथे सुमारे 42. खाजगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही, तेही सांगितलं पाहिजे. पण कॅम्पच्या क्लिनिकमधली रांग आठवा आणि सांगा ती कशासारखी आहे.

इथे यूएईत हक्क कागदावर आहेत. 2021 च्या कामगार कायद्याप्रमाणे प्रोबेशन संपल्यावर वर्षाला 90 दिवस आजारपणाची रजा मिळते: पहिले 15 दिवस पूर्ण पगार, पुढचे 30 अर्धा, उरलेले 45 बिनपगारी. आजार तीन कामाच्या दिवसांत कळवायचा आणि मेडिकल रिपोर्ट द्यायचा. 2023 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे मानसिक आजाराच्या कारणावरून कामावरून काढायचं तर वैद्यकीय समितीचा अहवाल लागतो. पण ज्याला स्वतःचे बूट घालायचं भान नाही, तो तीन दिवसांत रिपोर्ट कुठून देणार? आजारी माणसाचा हक्क दुसऱ्या कुणीतरी चालवावा लागतो. (सौदी, कुवेत, कतारमधल्या भावांनी आकडे आपल्या देशाचे बघावेत, अडचण तीच आहे.)

काही जणांना भीती वाटते की असा माणूस नेमला तर आजार सगळ्या कॅम्पभर होईल. उलट आज तो होतोच, कारण चार जणांना सांगावं लागतं. फोरमनला आजाराचं नाव कळायची गरजच नाही. ‘तीन आठवडे उंचीवर काम नको, नाईट शिफ्ट नको’ एवढा कागद त्याला पुरतो. सुपरवायझर म्हणून सांगतो, मला याहून जास्त काही नको असतं.

म्हणून मागणी अशी करा, की सेफ्टी ऑफिसरचं नाव जसं बोर्डावर असतं तसंच या कामासाठी एका माणसाचं नाव आणि फोन बोर्डावर लागू दे. तो निदान हिंदी बोलणारा हवा, मराठी असेल तर फारच बरं. मनातलं दुखणं परक्या भाषेत अर्धंच बाहेर पडतं. तारखेच्या दिवशी गाडी कंपनीची. खर्चाचं रडगाणं कुणी गायलं, तर घाईत काढलेल्या तिकिटाचा आणि बदली माणसाच्या व्हिसाचा खर्च विचारा.

तोवर रूममधल्या एकानेच, आजारी माणसाला विचारून, हे काम अंगावर घ्यावं. सगळ्यांनी मिळून घेतलं तर कुणीच करत नाही. यूएईत भारतीय वकिलातीचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, 800 46342, तिथे समुपदेशनाचीही सोय आहे. माणूस घरी जाणारच असेल तर विमानात बसण्याआधी तीन गोष्टी हातात हव्यात: औषधांच्या मूळ नावांसह डॉक्टरचा रिपोर्ट, निदान महिनाभराच्या गोळ्या, आणि गावाकडे पुढची तारीख. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते का ते घरच्यांना आधीच बघायला सांगा. मोठी सरकारी मनोरुग्णालयं रत्नागिरी, ठाणे, येरवडा आणि नागपूरला आहेत. घरचे लोक टेलीमानसच्या 14416 वर कधीही, मराठीत, फुकट बोलू शकतात. आणि बरा होऊन तो परत येणार असेल, तर यातल्या काही गोळ्या इथे नियंत्रित औषधांच्या यादीत असतात. त्या आणण्याची ऑनलाइन परवानगी गावाहून निघण्याआधीच काढायला लावा, आणि प्रिस्क्रिप्शन हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा.