पाठीवरचा पंप उतरला, तर मजुराच्या हाती काय?

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. पीक डोक्याएवढे, तोंडाला साधा रुमाल आणि पाठीवर पंप. आपल्या जालना जिल्ह्यातही कपाशी, तूर, सोयाबीनवर अशीच फवारणी होत आली आहे.

आता ड्रोन आला आहे. दहा लिटरच्या टाकीचा ड्रोन साधारण दहा मिनिटांत एकरभर फवारतो आणि चालवणारा बांधावर उभा असतो. इंजिनिअर म्हणून मला हे यंत्र आवडते. पण दुसऱ्याच्या रानात पंप घेऊन जाणाऱ्याकडे बहुधा स्वतःची जमीन नसते. ड्रोनमुळे त्याचे विष टळेल, तशीच त्याची मजुरीही जाईल. मग हे नवे काम कोण करणार?

केंद्राने नोव्हेंबर 2023 मध्ये 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. 15 हजार महिला बचत गटांना ड्रोन आणि त्यासाठी किमतीच्या 80 टक्के, कमाल 8 लाख रुपये अनुदान, असे तिचे स्वरूप. गटातल्या एका महिलेला पायलटचे प्रशिक्षण मिळते. विजेची दुरुस्ती, फिटिंग यांची आवड असलेल्या दुसऱ्या सदस्याला किंवा घरच्या माणसाला सहायक म्हणून शिकवले जाते. हे वाचताना मला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानांत आणि गॅरेजांत राबणारी आपली मुले आठवली. आपल्या मोहल्ल्यातल्या किती बचत गटांनी या योजनेची चौकशी केली?

पायलट प्रमाणपत्रासाठी वय 18 पूर्ण आणि दहावी पास असावे लागते. 2023 च्या दुरुस्तीनंतर पासपोर्टची सक्ती नाही. मतदार ओळखपत्र किंवा रेशनकार्डही चालते. म्हणजे खरी अडचण दहावीची आहे. शाळा सोडून गॅरेजला लागलेल्या भावाला 17 नंबरचा फॉर्म भरायला लावणे, हे आपल्याला करता येण्यासारखे काम आहे.

यंत्र हाती आले की जबाबदारीही येते. ड्रोनमध्ये पाणी कमी, म्हणून द्रावण जास्त तीव्र असते. वारा असताना उडवला, तर औषध शेजारच्या रानात जाते. जालन्यात रेशीम कोषांची बाजारपेठ आहे, अनेक शेतकरी तुती लावतात. कीटकनाशक पडलेला तुतीचा पाला खाल्ला, तर रेशीम अळ्या मरतात. शेजाऱ्याचे नुकसान करून मिळवलेली रोजी आपल्याला चालणार नाही. आणि टाकीत औषध मिसळायचे काम अजून हातानेच होते. तिथे हातमोजे, मास्क हवेतच.

या महिन्यात प्रत्येक शाखेने दोन कामे करावीत. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन प्रशिक्षण आणि अनुदानाची आजची स्थिती विचारावी. आणि दहावी अर्धवट राहिलेल्या मुलामुलींची यादी करावी. फवारणीचा पुढचा हंगाम येईल, तेव्हा बांधावर रिमोट धरून आपल्यातलेही कोणी उभे असावे.