कुलूप उघडणारा कोण असावा?

मागच्या महिन्यातली गोष्ट. सकाळी वर्तमानपत्र उचलायला मी दाराबाहेर दोन पावले टाकली आणि वाऱ्याने दार मागच्या मागे लागले. दाराला लॅच, किल्ली आत, फोन आत, गॅसवर दूध, आणि आतल्या खोलीत नव्वदीला टेकलेली माझी मावशी. तिला ऐकू येत नाही, आधाराशिवाय उठता येत नाही. घरातली बाकीची मंडळी पुण्याला लग्नाला गेलेली. शेजारच्या वहिनींनी प्रसंगावधान राखून जिन्यातली गॅसच्या नळाची चावी बंद केली, म्हणून मोठा अनर्थ टळला. परंतु मावशी आत आणि मी बाहेर, हा तिढा सुटला नव्हता.

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात असा प्रसंग कधी आला नाही. तेथे कडीकोयंडा होता. तो आपल्या हाताने लावल्याशिवाय लागत नसे, आणि घर सहसा रिकामे नसे. लॅच मात्र मालकाला न विचारता लागते. फ्लॅटात राहू लागल्यापासून आपल्याला कुलूप उघडणाऱ्या माणसाची गरज पडू लागली. तो कसा निवडावा, याचा विचार मात्र आपण केलेला नाही.

मी वहिनींच्या फोनवरून एक नंबर शोधून काढला. अर्ध्या तासात एक तरुण मोटारसायकलवरून आला. फोनवर सांगितलेला भाव दाराशी येताच तिप्पट झाला. कुलपाकडे नीट न पाहताच त्याने पिशवीतून ड्रिल काढले आणि विजेची जोडणी कोठून घेऊ, एवढेच विचारले. घर कोणाचे, हे विचारले नाही. मावशीच्या काळजीने मी तर ‘फोड बाबा एकदाचे’ म्हणण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात वहिनींचा मुलगा मार्केटजवळच्या फुटपाथवर बसणाऱ्या म्हाताऱ्या चावीवाल्याला स्कूटरवर घेऊन आला.

त्या म्हाताऱ्याने जिना चढून दम खाल्ला, दारावरची पाटी वाचली आणि मला विचारले, ‘‘भाई, घर तमारुं ज छे?’’ मला राग आला. त्याने तिकडे लक्ष दिले नाही. तोच प्रश्न त्याने वहिनींना विचारला, समोरच्या बिऱ्हाडातही विचारला, आणि मगच पैसे किती पडतील ते सांगून कामाला बसला. दार नुसते ओढले गेले आहे, किल्लीने बंद केलेले नाही, याची त्याने खात्री करून घेतली. मग फटीतून एक लवचीक पट्टी सरकवून लॅचची तिरकी जीभ मागे ढकलली. दहा मिनिटांत दार उघडले. रंगाला ओरखडाही नाही. आत गेल्या गेल्या मावशीने विचारले, ‘‘चहाला आज एवढा वेळ?’’

ज्या प्रश्नाचा मला राग आला, तोच त्या माणसाचा खरा दाखला होता, हे मला चहा घेताना उमगले. जो मला काही न विचारता माझे दार उघडतो, तो उद्या दुसऱ्या कोणासाठी तेच दार तसेच उघडील.

कधीच न उघडणारे कुलूप अजून कोणी केलेले नाही. लंडनच्या ब्रामा कंपनीने आपले एक कुलूप कित्येक दशके दुकानाच्या खिडकीत ठेवले होते. उघडणाऱ्याला २०० गिनींचे बक्षीस होते. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून ते उघडलेच. आज आपल्या दारांना असते ते सिलिंडरचे कुलूप धाकट्या लायनस येल यांनी १८६० च्या दशकात आजच्या रूपाला आणले. त्यात लहानमोठ्या खुंट्या असतात. किल्लीचे दाते त्या एका रेषेत आणतात आणि कुलूप फिरते. जाणत्या हाताला हे किल्लीवाचूनही साधते. तेव्हा कुलपाचा भरवसा शेवटी ते उघडू शकणाऱ्याच्या सचोटीवरच येऊन ठरतो.

माणूस कुलूप पाहून निवडावा. लोंबत्या कुलपाची किल्ली हरवली, तर ते कापणारा लोहारही चालेल, नुकसान कुलपापुरतेच. नुसते ओढले गेलेले लॅच हे धीराचे काम. तेथे आल्या आल्या ड्रिल काढणाऱ्याला निरोप द्यावा. लिव्हरचे कुलूप किल्लीने बंद असेल, तर कोरी किल्ली आत फिरवून, तिच्यावर उठलेल्या खुणांवर कानस चालवून नवी किल्ली घडवणारा कारागीर हवा. तिजोरीला तिच्या कंपनीचाच माणूस बोलवावा. आत आग असेल किंवा कोणी अत्यवस्थ असेल, तर मात्र अग्निशमन दलाला बोलवावे, दार फोडावे. तेव्हा कुलपाची चिंता करू नये. कोणीही आला तरी भाव आधी ठरवावा, काम होईपर्यंत जवळ उभे राहावे, आणि कुलूप फोडावे लागले तर त्याच दिवशी नवे बसवावे.

फोनवरचे सारे लबाड आणि फुटपाथवरचे सारे साव, असे मला म्हणावयाचे नाही. परंतु फुटपाथवरचा माणूस उद्याही त्याच जागी बसलेला असतो. त्याला नाव राखावे लागते. सयाजीराव महाराजांनी १८९० साली याच शहरात कलाभवन काढून हाताच्या विद्येला शाळेत स्थान दिले. आज त्याच शहरात किल्ली घडवणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते, हे काही भूषणावह नाही. त्याची ओळख दार बंद होण्याआधी करून घ्यायची असते.

मी त्याचे नाव विचारून वहीत लिहून ठेवले आहे, आणि जादा किल्ली वहिनींकडे दिली आहे. ती घेताना वहिनी म्हणाल्या, ‘‘भाऊजी, ही राहायला आलात त्याच दिवशी द्यायची होती.’’