वाटा दोन, खड्डा एकच

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार ठप्प झाले. ते पुन्हा सुरू होण्यास दुपारचे पावणेचार वाजले. तोपर्यंत बाजाराची नेहमीची वेळ संपून गेली होती. व्यवहार त्याच दिवशी मिटवणे भाग असल्याने अनेक दलालांनी आपल्या ग्राहकांचे सौदे मुंबई शेअर बाजारात मिळेल त्या भावाने मिटवले. राष्ट्रीय बाजार पाच वाजेपर्यंत वाढीव वेळ देणार आहे, हे कळले ते त्यानंतर. नुकसान सोसावे लागले ते सामान्य गुंतवणूकदाराला.

वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या या संस्थेकडे पैसा, तंत्रज्ञ किंवा पर्यायी व्यवस्था यांची वानवा नव्हती. मुख्य केंद्र आणि त्याच्या जवळचे पर्यायी केंद्र यांना जोडण्यासाठी दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्या घेतलेल्या होत्या. तरीही, बाजारानेच दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, त्या मार्गावर चाललेल्या खोदकाम व बांधकामामुळे दोन्ही वाहिन्या अस्थिर झाल्या. त्यातच माहिती साठवणाऱ्या यंत्रणेने अपेक्षेप्रमाणे काम केले नाही आणि जोखीम-नियंत्रणाची यंत्रणा बंद पडली. चेन्नईतील आपत्कालीन केंद्राकडे काम वळवण्याचा निर्णय मात्र घेतला गेला नाही. कागदावर वाटा दोन होत्या. खड्डा एकच पुरला.

ही घटना आज पुन्हा आठवण्याचे कारण असे की, दोन वाटा ठेवल्या की आपण सुरक्षित झालो, हाच समज आता ‘मल्टी-क्लाउड’ या नावाने बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या धोरणात शिरला आहे. एकेकाळी अंधेरीच्या सीप्झ वा एमआयडीसी परिसरातील कंपनीचे सर्व्हर तिच्याच कार्यालयातील एका वातानुकूलित खोलीत असत. शाखा लीज्ड लाइनने जोडलेल्या असत आणि बिघाड झाला की त्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे, हे सर्वांना ठाऊक असे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये, ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रे सुरू केल्यानंतर हे चित्र पालटले. आता एकाच कंपनीची वेतनप्रणाली एका क्लाउडवर, ग्राहकांचे ॲप दुसऱ्यावर आणि जुनी हिशेबप्रणाली चांदिवलीतील एखाद्या डेटा सेंटरमध्ये, अशी वाटणी झालेली दिसते. कधी दर पाडून घेण्यासाठी, कधी एकावर विसंबून राहू नये म्हणून, तर कधी केवळ दोन कंपन्यांचे विलीनीकरण झाले म्हणून ही वाटणी घडते.

अडचण ही की, या सर्वांना जोडणारे जाळे कोणा एकाचे नसते. प्रत्येक क्लाउडची परिभाषा वेगळी, सुरक्षेचे नियम लिहिण्याची पद्धत वेगळी, मार्ग ठरवण्याची रीत वेगळी. विलीन झालेल्या दोन कंपन्यांनी आपापल्या संगणकांना नेमके तेच अंतर्गत पत्ते दिलेले असतात. मग एका पत्त्यावर दोन घरे, अशी स्थिती होते. एका क्लाउडवर बंद केलेले दार दुसऱ्यावर उघडेच राहते. असे हजारो नियम हाताने सांभाळणे माणसाच्या आवाक्यातले नाही. म्हणूनच स्वयंचलन आले. नेटवर्क कसे असावे हे एका ठिकाणी लिहून ठेवायचे आणि प्रत्यक्षातील रचना त्याबरहुकूम राखण्याचे काम यंत्रणेवर सोपवायचे, ही त्यामागची कल्पना. ती योग्यच आहे. रात्री दोन वाजता राउटरवर आज्ञा टंकणाऱ्या थकलेल्या अभियंत्याच्या चुका त्यामुळे नक्कीच टळतात.

परंतु माणसाची चूक एका यंत्रापुरती राहते, स्वयंचलित चूक सर्वत्र एकाच वेळी पोहोचते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने त्या कंपनीची जगभरातील डेटा केंद्रे एकमेकांपासून तुटली. अशी आज्ञा अडवण्यासाठी ठेवलेल्या तपासणी-साधनातच दोष होता. दुरुस्तीची अंतर्गत साधनेही त्याच नेटवर्कवर असल्याने तीही बंद पडली आणि अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा केंद्रांत जावे लागले. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या अमेरिकेतील व्हर्जिनिया विभागात पत्त्यांची नोंदवही सांभाळणाऱ्या दोन स्वयंचलित प्रक्रिया एकमेकींच्या आड आल्या. एका महत्त्वाच्या सेवेची नोंदच कोरी झाली आणि जगभरातील असंख्य संकेतस्थळांना त्याचा फटका बसला. ती नोंद अखेर माणसांनाच हाताने दुरुस्त करावी लागली.

याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. ऑस्ट्रेलियातील ‘युनिसुपर’ या पाच लाखांहून अधिक सभासदांच्या निवृत्तिवेतन निधीची गुगल क्लाउडवरील खासगी क्लाउड व्यवस्था मे २०२४ मध्ये पुसली गेली. ती उभारताना एक रकाना रिकामा राहिला होता. त्यामुळे यंत्रणेने एक वर्षाची मुदत गृहीत धरली आणि ती संपताच आपले काम चोख बजावले. त्या वेळी अन्य सेवादात्याकडे ठेवलेल्या प्रतींचा माहिती परत मिळवण्यास मोठा उपयोग झाला, असे दोन्ही संस्थांनी संयुक्त निवेदनात सांगितले. तात्पर्य, दुसरी वाट निरुपयोगी नसते. ती खरोखरच दुसरी असावी लागते.

मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. देशात येणाऱ्या सागरी केबलींचा मोठा भाग मुंबईत, आणि त्यातही प्रामुख्याने वर्सोव्याच्या किनाऱ्यावर उतरतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात केबली तुटल्या तेव्हा भारतासह अनेक देशांत इंटरनेट मंदावले आणि मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडलाही विलंब जाणवला. जमिनीवर पाहावे तर मेट्रो, मलनिस्सारण, वीज, गॅस आणि दूरसंचार यांचे खोदकाम त्याच रस्त्यांवर चालते. खोदण्यापूर्वी संबंधितांना कळवण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणले. त्याचा वापर प्रत्येक ठेकेदाराने केला तरच त्याला अर्थ आहे. शिवाय २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, ही गोष्ट तळमजल्यावर यंत्रसामग्री ठेवणाऱ्याने विसरता कामा नये.

नियामकांनी काही धडे घेतले आहेत. सेबीने मार्च २०२१ मध्ये, महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करावी आणि त्यानंतर ४५ मिनिटांत काम पूर्ववत करावे, असे बाजारसंस्थांना बजावले. राष्ट्रीय शेअर बाजार व त्याच्या समाशोधन कंपनीला २०२३ मध्ये हे प्रकरण तडजोडीने मिटवताना ७२ कोटींहून अधिक रुपये भरावे लागले. १ एप्रिल २०२५ पासून दोन्ही शेअर बाजार एकमेकांचे पर्याय म्हणून काम करतील, अशीही व्यवस्था झाली. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या निर्देशांनी तर स्पष्टच सांगितले, की काम बाहेर सोपवता येते, जबाबदारी नाही.

मात्र हे मोठ्यांचे झाले. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज या सेवा कंपनीशी संबंधित रॅन्समवेअर हल्ल्यानंतर नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने त्या कंपनीला आपल्या जाळ्यापासून तात्पुरते तोडले, तेव्हा सुमारे ३०० छोट्या बँकांची देयकसेवा थांबल्याचे वृत्त होते. हा निर्णय योग्यच होता, कारण लागण झालेला भाग वेगळा काढता येणे हे चांगल्या नेटवर्कचे लक्षण आहे. पण घाटकोपर, मुलुंड वा बोरिवलीतील एखाद्या लहान सहकारी बँकेने दुसरा क्लाउड, दुसरी वाहिनी आणि त्या चालवणारे तज्ज्ञ यांचा खर्च कोठून करावा? एका क्लाउडमधून दुसऱ्याकडे माहिती नेण्याचेही पैसे मोजावे लागतात. अशा बँकांनी एकत्र येऊन सामायिक व्यवस्था उभारणे हाच व्यवहार्य मार्ग. परंतु मग त्या सामायिक व्यवस्थेचीच कठोर तपासणी व्हायला हवी. अन्यथा शंभर बँकांचा एकच खड्डा तयार होईल.

कंपन्यांच्या संचालक मंडळांनी यापुढे सेवादात्यांची संख्या विचारून समाधान मानू नये. दोन वाहिन्या कोणत्या रस्त्यांखालून जातात, याचा नकाशा मागावा. स्वयंचलित बदल आधी थोड्या यंत्रांवर करून पाहिला जातो का आणि तो मागे घेता येतो का, हे विचारावे. मुख्य नेटवर्क बंद असताना दुरुस्तीसाठी आत शिरण्याची स्वतंत्र वाट आहे का, तेही पाहावे. वर्षातून निदान एकदा मुख्य केंद्र खरोखर बंद करून पर्यायी केंद्रावर पूर्ण दिवस काम चालवून दाखवावे. आणि स्वयंचलन आले म्हणून जाणती माणसे कमी करण्याची घाई करू नये. यंत्रणा चुकते त्या दिवशी तिला थांबवायचे कोणी आणि कोणाच्या अधिकारात, हे आधी ठरलेले नसेल, तर दुसऱ्या क्लाउडवर केलेला खर्च वाया गेला असेच समजावे.