मिशनऱ्याच्या घरची चूल

मिशनरी म्हटले की आमच्या वर्गात ‘बाटवायला आले’ एवढेच ऐकू येते. धर्मप्रसारासाठी ते आले, हे खरेच. हेन्री बॅलंटाईन १८३५ साली अमेरिकेहून आले, नगरला राहिले, मराठी शिकले, १८४२ साली निघालेल्या ‘ज्ञानोदया’चे संपादक झाले. (रेल्वेपूर्वी मुंबईहून घाटावर जाणारा होडीने आमच्याच पनवेल बंदरात उतरे!) पन्नाशी उलटल्यावर, १८६५ साली, मायदेशी जाताना ते समुद्रावरच वारले. नियतकालिकांच्या इतिहासात त्यांचे नाव आहे. परमुलखात त्यांच्या पत्नीचा दिवस कसा जाई, हे मात्र कुणी विचारत नाही. मला ते सुचते, कारण माझी आई अंगठा उठवते. पहाटे चारला ती चूल पेटवते, म्हणून मी कॉलेजात वेळेवर पोचतो.