आधी पेव की आधी कणगी?

एकच शेतकरी साखर कारखान्यात तीन माणसं असतो. शेअर्स विभागात तो सभासद क्रमांक असतो आणि तिथं बऱ्याचदा अजून आजोबांचंच नाव चालू असतं. शेतकी विभागात तो उत्पादक कोड असतो. चिटबॉयनं बांधावर उभं राहून गट नंबर, उसाची जात आणि लागण तारीख लिहून घेतलेली असते. बिलाच्या वेळी तो बँकेचं खातं होतो, आणि ते खातं कधी मुलाचं, कधी बायकोचं. तिन्ही विभाग आपापल्या जागी बरोबरच असतात. पण चेअरमननी साधा प्रश्न विचारला, की सीनाकाठच्या गटांत चौदा महिने उलटलेला ऊस किती उभा आहे आणि त्यातला सभासदांचा किती, तर तीन टेबलांवरून तीन आकडे येतात.

मी मोहोळचा. नोकरी जिल्ह्यातल्याच एका कारखान्याच्या ईडीपीत झाली. संगणक विभागाला कारखान्यांत अजून ईडीपीच म्हणतात. असल्या आकड्यांचा मेळ घालण्यात हंगामातल्या रात्री घालवल्या, त्या अनुभवावरून सांगतो: सगळा कारखाना एका छत्राखाली आणणारी महागडी प्रणाली घेण्याच्या मागं लागू नका. आधी शेतकी विभागापुरता एक छोटा, नेमका डेटा मार्ट उभा करा. आणि त्याच्याही आधी शेतकऱ्याचा नंबर एक करा.

डेटा मार्ट म्हणजे काय ते आमच्या भागात समजावायला सोपं आहे. मोहोळ मुळात ज्वारीचं. मालदांडी ३५-१ हे वाण इथल्याच संशोधन केंद्रावर निवडलं गेलं. उजनीचं पाणी आणि त्यामागून ऊस यायच्या आधी वर्षाची ज्वारी जमिनीतल्या पेवात असायची आणि रोजच्या खर्चाची घरातल्या कणगीत. पेव कुणी रोज उघडत नसे. उघडलं तरी आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत कुणी उतरत नसे. कारखान्याचे सगळे व्यवहार वर्षानुवर्षं साठवतं ते डेटा वेअरहाउस, म्हणजे पेव. त्यातलं एका विभागाला रोज लागेल तेवढं निवडून, पाखडून हाताशी ठेवलेलं, तो डेटा मार्ट.

वजनकाट्यावरचा संगणक या दोन्हींत बसत नाही, आणि गोंधळ नेमका तिथं होतो. काट्याचं काम एवढंच: भरलेलं वजन, रिकामं वजन, वजावट, निव्वळ वजन, पावती. रोज पाच हजार टन गाळप करणाऱ्या कारखान्यात शेकडो वाहनं काट्यावरून जातात. त्याच यंत्रावर कुणी मागच्या पाच हंगामांचा गटवार अहवाल काढायला घेतला की काटा अडतो, यार्डात ट्रॅक्टरची रांग लागते आणि तोडलेला ऊस वाळत बसतो. तोडलेला ऊस दिवसभरात गव्हाणीत पडला नाही तर वजनही घटतं, साखरही. म्हणून काट्याच्या नोंदी रात्री उचलायच्या, त्यातल्या चुका झाडायच्या आणि प्रश्न विचारायला वेगळ्या जागी मांडून ठेवायच्या. सगळ्या वेअरहाउसशास्त्राचा गाभा हाच.

या शास्त्रात दोन घराणी आहेत. बिल इन्मन यांचं पुस्तक १९९२चं. त्यांच्या मते आधी सगळ्या संस्थेचं एक पेव, मग त्यातून कणग्या भरा. राल्फ किंबॉल यांचं पुस्तक १९९६चं. ते म्हणतात, एकेका कामाचा मार्ट करत चला, त्यातूनच वेअरहाउस उभं राहील. आपल्याकडच्या संस्थांच्या खिशाला किंबॉल परवडतात आणि मला तेच पटतात. पण त्यांची एक अट आहे. ग्राहक, वस्तू, तारीख यांच्या याद्या सगळ्या मार्टमध्ये तंतोतंत एकच हव्यात. आपल्या कारखान्यांनी किंबॉल वाचले नसतील, तरी अर्धे अमलात आणले आहेत. प्रत्येक विभागाचं वेगळं सॉफ्टवेअर आहे, वेगळी एक्सेल फाइल आहे. राहिली ती अट.

आणि याद्यांइतकाच आकड्यांचा अर्थही सगळीकडे एकच लागतो. तो नसल्याची किंमत रुपयांत मोजता येते. २०२५-२६ हंगामासाठी एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आहे आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. सहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याला उताऱ्यातला एवढा फरक २ कोटी ७ लाख ६० हजारांचा पडतो. आता हा उतारा कोणता? पोत्यात भरलेल्या साखरेवरून काढलेला की बी हेवी मळीतून आणि रसातून इथेनॉलकडे वळवलेली साखर मिळवून काढलेला? प्रयोगशाळेची नोंद एक सांगते, डिस्टिलरीची दुसरी. आणि तो कुठल्या हंगामाचा, यावर तर प्रकरण कोर्टात गेलं. चालू हंगामाच्या उताऱ्यावर हिशेब करून एफआरपी दोन टप्प्यांत देण्याचा राज्य सरकारचा २०२२चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०२५मध्ये रद्द केला. संगणकाला यातलं काही कळत नाही. कोणत्या आकड्याला काय म्हणायचं हे आधी माणसांनी बसून, लिहून ठरवावं लागतं. आमच्या कामातला निम्म्याहून जास्त वेळ त्यातच जातो आणि त्याचं बिल कुणी लावत नाही.

मग सुरुवात शेतकीपासूनच का? कारण शेतकऱ्याचा जीव तोडणी प्रोग्राममध्ये अडकलेला असतो. गट, जात, आडसाली की खोडवा, लागण तारीख, तोड तारीख, तोडणी टोळी, टनेज एवढ्या मोजक्या गोष्टी नीट मांडल्या की कुणाचा ऊस लागण तारखेप्रमाणे तुटला आणि कुणाचा रांग मोडून, हे एका पानावर दिसतं. एखाद्या गावात मुकादमानं टोळी का हलवली तेही दिसतं. स्पष्टच बोलायचं तर हा मार्ट बऱ्याच ठिकाणी उभा राहत नाही तो पैशाअभावी नव्हे. तो दिसायला नको असतो.

नंबर एक करायची अडचण आता उरलेली नाही. सरकारच्या अ‍ॅग्रीस्टॅक योजनेतून शेतकऱ्यांना अकरा अंकी ओळख क्रमांक मिळाले आहेत आणि ते जमिनीच्या नोंदींशी जोडलेले आहेत. सभासद क्रमांक, उत्पादक कोड आणि बिलाचं खातं या तिघांसमोर तो एक क्रमांक लिहिला की मेळ बसतो. काम कंटाळवाणं आहे. वारस नोंदी रखडलेल्या असतात, एकाच गटावर चार भाऊ असतात. पण बिगर हंगामात शेतकी स्टाफ हाताशी असतो, तेव्हा ते होऊ शकतं.

सगळं सगळ्यांना दिसू नये, हेही तितकंच खरं. टोळी पाठवणाऱ्याला शेतकऱ्याच्या सोसायटीच्या कर्जाची थकबाकी कळायचं कारण नाही. छोटा मार्ट इथंही बरा. त्यात जे घातलंच नाही ते फुटत नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर संचालकांनी हे मनावर घ्यायला हवं.

कारखान्यांच्या वार्षिक सभा बहुधा सप्टेंबरात होतात. सभासदांनो, दराचा प्रश्न विचाराच, पण त्याला जोडून आणखी एक विचारा: माझ्या गटाची लागण तारीख, तोड तारीख आणि माझ्या गावातली तोडीची क्रमवारी मला मोबाइलवर कधीपासून दिसणार? उत्तर तारखेसकट इतिवृत्तात लिहून घ्या.