पाळी गेल्यावर डाग दिसला, तर थांबू नका

मावशीने चार महिने कुणाला काही कळू दिलं नाही. पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. परकरावर पुन्हा लालसर डाग दिसू लागले, तेव्हा घर उठायच्या आत ती ते धुऊन टाकायची. ‘उष्णता झाली असेल,’ म्हणून धण्या-जिऱ्याचं पाणी प्यायची. तपासणीत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली, आज ती आमच्यात आहे. पण ते चार महिने आठवले की अजून पोटात गोळा येतो, म्हणून हे लिहिते आहे.

या आजाराचा आणि सुटलेल्या पोटाचा जवळचा संबंध आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हालाही ठाऊक नव्हतं. चरबी म्हणजे अडीअडचणीसाठी कणगीत भरून ठेवलेलं धान्य, अशीच आपली समजूत. पण १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन हे चरबीच्या पेशींतून निघणारं संप्रेरक शोधलं, आणि चरबी स्वस्थ पडून राहत नाही, सगळ्या शरीराला निरोप धाडत असते, हे पक्कं झालं. पाळी गेली की अंडाशयातलं इस्ट्रोजेन जवळजवळ थांबतं. पुढे ते मुख्यतः चरबीत तयार होतं, अ‍ॅरोमॅटेज नावाच्या विकरामुळे. चरबी जास्त, तेवढं इस्ट्रोजेन जास्त. पूर्वी प्रोजेस्टेरॉन त्याला दर महिन्याला आवर घालायचं. आता तो आवर उरत नाही आणि गर्भाशयाचं अस्तर जाड होत जाऊ शकतं. त्यात वाढलेल्या पोटासोबत रक्तातलं इन्सुलिनही चढं राहतं. पेशींना ‘वाढा’ म्हणणारा तो आणखी एक निरोप.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली जादा चरबीशी जोडलेले १३ प्रकारचे कॅन्सर जाहीर केले. गर्भाशय, पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कॅन्सर, मोठं आतडं, यकृत, स्वादुपिंड, पित्ताशय, मूत्रपिंड ही त्यातली काही नावं.

‘मी कुठे लठ्ठ आहे?’ म्हणून पान उलटू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर मधुमेहावर संशोधन केलं. २००४ साली त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात दडलेली, ही आपल्याकडची ठेवण. वजनकाट्याला ती दिसत नाही. टेपला दिसते.

म्हणून आज घरातला शिवणाचा टेप काढा. परकराच्या नाडीवर माप घेऊ नका, नाडी पोटाखाली सरकलेली असते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, पोट आत न ओढता श्वास सोडा आणि आकडा बघा. बाईसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, पुरुषासाठी ९०. त्याच्या वर आकडा गेला तर घाबरू नका, पण रोजचं चालणं आणि ताटातलं गोड-तळलेलं यांचा विचार याच आठवड्यात करा. कुणाच्या पोटावरून घरात थट्टाही नको. थट्टेने बाई टेप लपवते, आणि पुढे डागही.

आता सगळ्यांत निकडीचं. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर झालेल्या शंभरातल्या नव्वदच्या आसपास बायकांना पाळी गेल्यानंतर अंगावर लाल जाण्याचा त्रास झालेला असतो. इतकी स्पष्ट सूचना देणारे कॅन्सर थोडे. अंगावर असं जाणाऱ्या बहुतेकींना कॅन्सर नसतो, हेही खरं. पण ते सोनोग्राफी आणि गरज पडल्यास अस्तराचा तुकडा तपासल्यावरच कळतं. पॅप तपासणी चांगली आली एवढ्यावर निर्धास्त राहू नका, ती मुख्यतः गर्भाशयाच्या तोंडासाठी असते.

स्तनांची तपासणीही टाळू नका. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षं सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या गटाची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी केली. या गटातल्या पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नव्हतं, शिकलेले हात होते.

मुलींनो, सुनांनो, आईला आणि सासूबाईंना हे तोंडाने विचारा. त्या आपणहून सांगणार नाहीत. भावांनो, दवाखान्यात सोबत जा. आशाताईंनो, घरोघरी जाता तेव्हा पन्नाशीच्या बाईजवळ दोन मिनिटं जास्त बसा. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला, तर सण, लग्न, पेरणी काहीही असो, त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चला.