घड्याळाचा कौल

मंडळी, आमचा नातू पोलीस भरतीसाठी पहाटे आष्ट्यात १६०० मीटर पळण्याचा सराव करतो. परवा अंगात कणकण होती, तरी निघाला. का? तर मनगटावरचं घड्याळ म्हणालं, "शरीर तयार!" परत आला तो तापाने फणफणतच.

अहो, ते घड्याळ हिरवा प्रकाश टाकून नाडी मोजतं. झोपेचं सांगतं तो नाडी आणि हालचालीवरून बांधलेला अंदाज. रोजच्या १०,००० पावलांचा आकडा तर १९६५ मधल्या एका जपानी पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून आलेला! जवळच्या कवठेपिरानचे मारुती माने १९६४ साली हिंदकेसरी झाले, ते कुठलं घड्याळ बांधून?

सकाळची नाडी नेहमीपेक्षा जलद असेल तर विश्रांती घ्यावी, हे मान्य. पण ते दोन बोटांनीही कळतं. घड्याळाने हजेरी घ्यावी. सुट्टीचं मात्र अंगालाच विचारावं. असो.